सेइकिचीच्या शेजारी

"त्या थडग्याला वारस नाहीत," नुमाता म्हणाला आणि हातातल्या सॅल्मनच्या पोटावरून त्याने सुरी ओढली.

जुई त्याच्या शेडच्या दारात उभी होती. आत या, असं तो म्हणाला नव्हता. योकोहामाहून आणलेलं मिठाईचं खोकं ती मघापासून दोन्ही हातांनी पुढे धरून होती, त्याकडेही त्याने पाहिलं नव्हतं. तिच्या मागे तिचे बाबा, श्यामकांत, समुद्राच्या वाऱ्यात कानटोपी ओढून उभे होते.

"वारस आहेत. मी आहे," जुई म्हणाली. "माझ्या आईचे पणजोबा आहेत ते. घराण्याचे सगळे दाखले मी नगरपालिकेत दिलेत, नातं सिद्ध झालंय. फक्त डोंगरावरचं थडगं कोणतं, तेवढ्यावर तुमचा शिक्का हवा."

"नाव काय म्हणालीस त्याचं?"

"सेइकिची."

सुरी थांबली. म्हाताऱ्याने पहिल्यांदाच मान वर केली. जुईकडे पाहिलं, मग बाबांकडे बराच वेळ पाहिलं.

"म्हणजे पोरंबाळं झाली म्हणायची त्याला," तो म्हणाला. "आणि ती एवढ्या लांब जाऊन पडली. बरं झालं. जितकी लांब तितकी बरी."

होक्काइदोच्या या उत्तर टोकाला सव्वाशे वर्षांपूर्वी नदीच्या वाळूत सोनं सापडलं होतं. ओतोबेनाई नावाच्या दरीत माणसांची अशी रीघ लागली की दोन उन्हाळ्यांत तिथे शाळा, सार्वजनिक न्हाणीघरं आणि दारूची दुकानं उभी राहिली. सोनं संपलं तशी माणसं पांगली. राहिली ती लाकडं तोडून आणि बटाटे लावून जगली, आणि नुमाता तरुण असताना तीही खाली समुद्रकाठच्या गावात उतरली. आता वर घर म्हणून एक शिल्लक नव्हतं. बर्चची झाडं, छातीएवढं बांबूगवत आणि एक स्मशान, एवढंच उरलं होतं. त्या स्मशानाची राखण आता परवडत नाही, असं नगरपालिकेने ठरवलं. प्रत्येक थडग्याशी लाकडी खुंटी ठोकून तिच्यावर सूचना लावली: वारसांनी सप्टेंबरअखेरपर्यंत कळवावं. ज्यांचे वारस येतील त्यांच्या अस्थी खालच्या नव्या स्मशानात स्वतंत्र जागी हलवणार. बाकीचे सगळे एकाच खड्ड्यात. सोनं शोधणाऱ्यांच्या थडग्यांवर नावं नव्हती, नदीतले दगड तेवढे होते. म्हणून कोणतं कोणाचं हे ओतोबेनाईच्या स्मशान मंडळाच्या अध्यक्षाने जागेवर जाऊन सांगायचं होतं. अध्यक्ष नुमाता. त्या दरीत जन्मलेला आणि अजून जिवंत असलेला तो शेवटचा माणूस.

जुईला ती नवी जागा हवी होती, ती आईसाठी. कुमिको जाऊन दोन वर्षं होत आली तरी तिच्या अस्थींचा पांढरा कलश योकोहामाच्या फ्लॅटमध्ये पुस्तकांच्या कपाटावर होता. सैतामाच्या मामाने स्पष्ट सांगितलं होतं, ती परक्याशी लग्न करून घराबाहेर पडली, आमच्या थडग्यात तिला जागा नाही. बाबांना त्या नाशिकला गोदावरीत सोडायच्या होत्या. आणि आई हॉस्पिटलमध्ये जुईचं मनगट धरून म्हणाली होती, "मला पाण्यात सोडू नका गं. मला माती हवी. सेइकिचीच्या शेजारी ठेवा. त्यालाही घरच्यांनी एकट्याला टाकलंय." जुई हो म्हणाली होती.

"त्याने काय केलं ते सांगितलंय का कोणी तुला?" नुमाताने सुरी बादलीत टाकली. "खबऱ्या होता तो. नदीचे पट्टे परवानेवाल्यांचे होते, आणि परवान्यावाचून वाळू धुणारे आमच्यासारखे हजारो. तुझ्या सेइकिचीने एकेकाचं नाव मालकाच्या माणसांना दिलं. ज्यांच्या चुलीवर जेवायचा त्यांचीच. माझ्या आजोबाचा थोरला भाऊ तुरुंगात थंडीने मेला. आणि ह्याला बक्षीस म्हणून परवाना मिळाला."

"त्या परवान्यावर त्यांना सोनं सापडलं?"

हा प्रश्न या वेळी विचारायचा नसतो हे जुईला विचारून झाल्यावर कळलं. भूशास्त्र शिकताना लागलेली ही खोड होती. एखादी गोष्ट अर्धी सांगितली की उरलेली अर्धी तिला विचारल्याशिवाय राहवत नसे.

"नाही," नुमाता म्हणाला. "तेवढा एक न्याय झाला."

"मला हे माहीत नव्हतं. आईलाही नव्हतं."

"आता झालं. ते खोकं उचल आणि नीघ."

गाडीत बसल्यावर बाबांनी कानटोपी काढली. "काय म्हणत होता? त्याचं जपानी मला अर्धंच कळतं."

जुईने सांगितलं.

"बघ. म्हणजे ज्याच्या शेजारी तिला ठेवायचं तो असा."

"ती काय म्हणाली ते तुम्हीही ऐकलंय, बाबा."

"आजारी माणूस काहीही बोलतं. पुण्याला तुझी आजी तिला कुमुद म्हणायची, ते चाललं तिला. चतुर्थी करायची, गोदेवर आली तेव्हा ओंजळभर पाणी डोळ्यांना लावलंन. आणि शेवटी ह्या अस्वलांच्या राज्यात? कशासाठी?"

"तिला विचारलं होतंत का कधी, गोदेवर यायचंय का म्हणून?"

"तू तेव्हा जन्मालाही आली नव्हतीस. मला शिकवू नकोस."

जुईने गाडी ओतोबेनाईच्या रस्त्याला वळवली.

जंगलाच्या रस्त्याच्या तोंडाशी अस्वलाचं चित्र असलेली पिवळी पाटी होती. जुईने कमरेला घंटी बांधली, बाबांच्या पिशवीलाही एक अडकवली. स्मशान उतारावर होतं. बांबूगवत बाजूला सारत ती एकेका ओळीतून सरपटत गेली. सेइकिची मेल्यावर वर्षाने त्याची बायको सादो बेटावरून इथवर आली होती आणि माहेरच्या किनाऱ्यावरचा एक दगड गाठोड्यात बांधून तिने त्याच्या थडग्यावर ठेवला होता, एवढं आईच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले होते. या दरीतला सगळा खडक राखाडी, थरांचा. सादोच्या किनाऱ्यावर मात्र लाल जास्पर मिळतो. तेव्हा शोधायचा तो लाल दगड.

तिसऱ्या ओळीच्या मध्यावर शेवाळ खरवडल्यावर तो दिसला. पाण्याचा फवारा मारला तसा यकृतासारखा गर्द लाल झाला. तिने चाकूचं टोक त्यावर जोर लावून ओढलं. दगडावर चरा पडला नाही, चाकूच्या पोलादाची बारीक रेघ तेवढी उमटली. जुईला ओरडावंसं वाटलं. आजूबाजूची सगळी थडगी तिने तपासली, दुसरा लाल दगड नव्हता. ती फोटो काढत, नकाशा आखत बसली.

मान वर केली तेव्हा बाबा दगडासमोर मांडी घालून बसलेले दिसले. पितृपक्ष चालू होता. गावातल्या कोम्बिनी दुकानातून घेतलेल्या ओनिगिरीचं काळं कागदासारखं शेवाळ सोलून त्यांनी भाताचा गोळा मोकळा केला होता, त्यात काळे तीळ, दही, मध आणि घरून डबीत आणलेलं तूप घालून पिंड वळला होता. बर्चच्या सालीवर तो ठेवून ते हात जोडून बसले होते. त्यांना फार थांबावं लागलंच नाही. इथले कावळे कोंबड्याएवढे आणि धीट, एक उतरला आणि त्याने थेट चोच मारली.

"शिवला!" बाबा म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. "बघ, लगेच शिवला. कुमुदचे आहेत ते, तर माझेही झालेच की."

"बाबा, निघताना उचला हं ते. इथे नैवेद्य परत न्यायचा असतो."

"पिंड उचलतात का कधी? वेडी आहेस का?"

जपानमधल्या कुठल्याही स्मशानात हे चालत नाही हे जुईला लहानपणापासून ठाऊक होतं. स्मशानाच्या फाटकावर, देवळाच्या दाराशी, सगळीकडे लिहिलेलं असतं. पण दोन वर्षांत पहिल्यांदाच बाबा आईच्या माणसांविषयी असं मऊ बोलले होते. तिने वाद घातला नाही. नकाशाची गुंडाळी केली आणि दोघं खाली उतरले.

सकाळी गावातल्या भोंग्यावरून घोषणा झाली. ओतोबेनाईच्या रस्त्यावर अस्वल आलंय, रस्ता पुढील सूचनेपर्यंत बंद, लहान मुलांना एकटं सोडू नये. जुई लॉजच्या बाहेर आली तोच नुमाताचा छोटा ट्रक आवारात शिरला. तो उतरला, प्लॅस्टिकची पिशवी उलटी करून त्याने तिच्यातल्या वस्तू तिच्या पायाशी टाकल्या. दह्याचा कप. मधाची चेपलेली बाटली. ओनिगिरीचं वेष्टन.

"शिकाऱ्याला मिळालं हे. कोणाचं?"

बाबा पुढे झाले. जुईने काही बोलायच्या आतच त्यांनी आपल्या तुटक्या जपानीत सांगायला सुरुवात केली. पूर्वज, भात, कावळा.

"कावळा?" नुमाताचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "कावळ्यासाठी मध ठेवलास तू डोंगरावर? इथे कावळ्याच्या मागून कोण येतं माहितीये का? रात्रीत त्याने अख्खी ओळ उकरली. माझ्या आईचं थडगं उकरलं. आणि आता ते अस्वल मारावं लागेल, कारण थडग्यांत गोड मिळतं हे त्याला कळलंय. मादी आहे. मागे पिल्लू आहे."

बाबांना शब्द सगळे कळले नसावेत, पण 'आई' कळला. ते कमरेत वाकले. वाकलेलेच राहिले.

"माझी चूक आहे," जुई म्हणाली. "मला माहीत होतं. मी त्यांना थांबवलं नाही."

"तुमच्या रक्तातच आहे ते. दुसऱ्याचं उकरून द्यायचं." त्याने ट्रकचं दार उघडलं. "आता मला तुला नाही म्हणायचीही गरज नाही. रस्ता बंद आहे. जागेवर गेल्याशिवाय शिक्का मारता येत नाही. महिना संपला की सगळे जातील एका खड्ड्यात. सेइकिचीला आयुष्यात मिळाली नाही तेवढी सोबत मिळेल."

नगरपालिकेतला तरुण कारकून फार दिलगीर होता. तो पुन्हा पुन्हा वाकत होता आणि पुन्हा पुन्हा तेच सांगत होता. मुदत वाढत नाही. दगडाचा अभ्यास फारच उत्तम आहे, पण नियमात दगड बसत नाही. अध्यक्षांनी "मला जागा माहीत आहे" असं स्वतःच्या जबाबदारीवर लिहून दिलं तर चालेल, मात्र तो सर्वस्वी त्यांचा प्रश्न.

बाबा लॉजच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडले होते. "नाशिकचं तिकीट बघ," ते म्हणाले. "मी घाण केली सगळी. तुझी आई असती तर बोललीही नसती माझ्याशी."

जुईने तिकीट बघितलं नाही. नकाशा घेऊन ती एकटीच नुमाताच्या शेडवर गेली. तो फळीवर माशांची अंडी मीठ लावून पसरत होता. ती दारातच थांबली.

"पोलिसांना बोलवू?" तो म्हणाला.

"बोलवा. ते येईपर्यंत एक विचारते. मग जाते." तिने नकाशा उघडून त्याच्याकडे वळवून धरला. "तुम्ही म्हणता तो खबऱ्या होता. गावाने त्याला वाळीत टाकलं असेल."

"टाकलंच होतं. मरेपर्यंत. कोणी त्याला सावलीत उभं केलं नाही."

"मग त्याचं थडगं तिसऱ्या ओळीच्या मध्यात का आहे? कोपऱ्यात नाही, ओढ्याकडे नाही. सगळ्यांचे पाय ज्या दिशेला, त्याचेही त्याच दिशेला. उतारावरच्या थडग्यांना गोठलेली जमीन दर हिवाळ्यात खाली सरकवते. म्हणून शेजारच्या सगळ्या थडग्यांना खालच्या अंगाने दगड ठासून भरलेत. त्याच्याही थडग्याला तसेच भरलेत, तितक्याच मेहनतीने. त्याची बायको वर्षाने आली. हे तिचं काम नाही. ज्याचा एवढा राग, त्याच्यासाठी हे कोणी केलं?"

नुमाताने हात पुसले नाहीत. मिठाचे खडे चिकटलेले हात तसेच लोंबत ठेवून तो नकाशाकडे पाहत राहिला.

"माझ्या आजोबांनी," तो म्हणाला. "आणि आणखी तिघांनी."

"का?"

"का म्हणजे? एवढं शिकलीस आणि हे माहीत नाही? माणसाशी दहा प्रकारचे संबंध असतात. वाळीत टाकलं की त्यातले आठ तुटतात. लग्न, बारसं, पूर, आजारपण, घर बांधणं, सगळं. दोन तुटत नाहीत. घराला आग लागली तर, आणि मयत झालं तर. आग पसरते, आणि मढं गावात कुजू देता येत नाही. आजोबा म्हणायचे, त्या दिवशी त्यांनी तोंडातून शब्द काढला नाही. त्याचं तोंड पाहिलं नाही. पण खांदा दिला. खड्डा खोल घेतला. तो म्हणून नव्हे. आम्ही म्हणून."

जुईला बाबांच्या कोकणातल्या गोष्टी आठवल्या. तिथे वाळीत टाकलेल्या घरातून मयत निघालं तर दारं बंद व्हायची. मुलाने एकट्याने ओढत न्यायचं. वाळीत म्हणजे पुरतं वाळीत, असंच ती आजवर समजत होती.

"बायको आली तेव्हा?" तिने विचारलं.

"तिला कोणी पाणी दिलं नाही. थडगं मात्र दाखवलं. लाल दगड ठेवला तिने आणि गेली." त्याने नकाशावरच्या त्या थडग्याकडे बोट केलं. "तुझा दगड बरोबर आहे. असं मी म्हटल्याने काही बदलत नाही."

"मी सेइकिचीसाठी आलेच नाहीये, नुमाता-सान. त्याला माफ करा म्हणणारी मी कोण? मीही मयताचंच काम घेऊन आलेय. माझ्या आईला अजून माती मिळालेली नाही."

म्हाताऱ्याचा चेहरा जराही सैल पडला नाही. "त्याचीच ना ती."

"त्याचीच. पणती. म्हणून तर तुमच्याकडे यावं लागलं."

"कधी गेली?"

"दोन वर्षांमागच्या नोव्हेंबरात."

"आणि आता कुठे आहे?"

"पुस्तकांच्या कपाटावर. घरी."

"कपाटावर," नुमाता म्हणाला. त्याने तोंड वाकडं केलं, कुजका वास यावा तसं. "दोन वर्षं माणूस कपाटावर ठेवता? कसली माणसं आहात तुम्ही? भाऊ नाही तिला?"

"आहे. त्याने दार लावलं."

नुमाता नळाशी गेला, मीठ धुतलं, हात कोरडे केले आणि आत नाहीसा झाला. जुई दारातच उभी होती. आता तो फोन करतोय, असं तिला वाटलं. तो परत आला तेव्हा त्याच्या हातात शिक्का आणि लाल शाईची डबी होती.

"कागद दे."

माशांच्या फळीचा कोपरा पुसून त्याने कागद त्यावर ठेवला. जागा माहीत आहे, असं स्वतःच्या हाताने लिहिलं, शिक्का जोराने दाबला आणि कागद तिच्याकडे सरकवला. तिने तो उचलला आणि तोंड उघडलं.

"आभार मानू नकोस," तो म्हणाला. "मानलेस तर परत घेईन. हे तुझ्यासाठी नाही. पुरायच्या दिवशी मंडळाची माणसं येतील, खड्डा आम्ही खणू, ते आमचं काम आहे. ते झालं की उरलेले आठ तुटलेलेच. ओबोनला पितरांना भेटायला यायचं असेल तर थडग्याशी या, माझ्या दाराशी नाही. नववर्षाचं कार्ड पाठवू नकोस. आणि तुझ्या बापाला सांग, कावळ्यांना आपल्या देशात जेवू घाल."

नोव्हेंबरात बर्फ पडायच्या आधी रस्ता उघडला आणि डोंगरावरच्या अस्थी खाली आल्या. सेइकिचीच्या नावाने आली ती एक छोटी पेटी, तिच्यात माती जास्त होती. नव्या स्मशानातून समुद्र दिसत होता. नुमाता आणि मंडळाचे आणखी दोन म्हातारे काळे सूट घालून आले, कोट काढून ठेवले आणि कुदळी घेतल्या. जमीन वरून गोठलेली होती. तिघांनी ती पाळीपाळीने फोडली, कडा चाकूने कापल्यासारख्या सरळ केल्या, तळाशी वाळू अंथरली. सादोचा लाल दगड त्यांनी डोंगरावरून आणला होता. कोणी आणला, कोणी उचलला, ते कोणी बोललं नाही.

बाबांनी कलश स्वतः उतरवला. सेइकिचीच्या पेटीशेजारी तो टेकला तेव्हा त्यांनी हात काढायला वेळ लावला. तिघं म्हातारे समुद्राकडे पाहत थांबले, कोणी घाई केली नाही. मग माती लोटली, पायांनी दाबली, डोंगरावरच्यासारखे एका अंगाने दगड ठासले. हे नवं स्मशान सपाट होतं, दगड ठासायची गरज नव्हती, हे जुईला दिसत होतं. तिने विचारलं नाही.

काम झाल्यावर ती स्मशानाच्या फाटकाशी पळत गेली आणि तिथल्या यंत्रातून गरम कॉफीचे तीन डबे घेऊन आली. दोन्ही हातांनी, मान वाकवून, एकेकापुढे धरले. तिघांनी वाकून ते घेतले आणि कठड्यावर एका ओळीत ठेवून दिले. कोट घातले. बाबा पुन्हा कमरेत वाकले होते. नुमाता त्यांच्याजवळून गेला, त्याने मान हलवली नाही, आणि ट्रकचं दार लागल्याचा आवाज आला.

जुईने कठड्यावरून डबे उचलले. अजून चटका बसेल इतके ते गरम होते. दोन तिने कोटाच्या खिशांत घातले.

"एक मला दे," बाबा म्हणाले.